बेसगिटारचा डबा

आमच्या भजन मंडळाचा जुना डबा, गिटारचा अँप्लिफायर, दिघोरीला गेला. काल्याचा दिवस होता, दुपारचे साडेबारा वाजले असतील. गेला म्हणजे जळाला. आधी त्याच्या मागच्या जाळीतून बारीक धूर निघाला आणि समोर बसलेल्या दोन बायांनी हात जोडले. त्यांना वाटलं, ऊद लावला. मी बेसगिटार वाजवत होते आणि डबा माझ्या न् मामाजींच्या मधे ठेवलेला होता, त्यामुळे हा धूर भक्तीचा नाही हे मला लगेच कळलं. मी उठून प्लग काढला. ढोलकवाल्या काकांनी हात थांबवला नाही, टाळ थांबले नाहीत, आणि मामाजींनी गाणं चालूच ठेवलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वय सत्त्याहत्तर. जन्मभर त्यांनी गावच्या तलावात मासे धरले आणि संध्याकाळी पेटी वाजवली. मंडळात पेटी त्यांची आणि मुख्य आवाजही त्यांचाच. त्यांचा सूर हलला असं गावात कोणी ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी डबा बंद पडल्यावर पुढच्याच कडव्यात सूर हलला. आधी थोडा वर गेला, मग आणखी वर. पेटी एकीकडे, गळा दुसरीकडे. पेटी त्यांचीच, बोटंही त्यांचीच. ते थांबले, घसा कोरडा झाला म्हणाले, पाणी प्यायले आणि पुन्हा तसंच गायले. शेवटी दिघोरीच्याच एका गायकाने भजन पूर्ण केलं.

परतताना गाडीत ढोलकवाले काका एकदा म्हणाले, "ऊन बहुत होतं आज."

आम्ही मांडवात बसलो होतो.

बेसगिटार माझ्या हाती कशी आली ते सांगायला हवं, कारण लोक विचारतातच. माझं माहेर भंडाऱ्याचं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला मागच्या ओळीत उभं करत आणि ओठ हलवायला सांगत. लग्न करून मी अड्याळजवळच्या या गावी आले तेव्हा घरात खुंटीवर एक चार तारांची गिटार होती आणि त्या गिटारवर एक छत्री टांगलेली होती. गिटार माझ्या नवऱ्याची. लग्नाआधी तो भंडाऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. मग वीज खात्यात लाइनमन झाला आणि बोलावणं केव्हाही यायला लागलं, तेव्हा त्याने तारांचं एकच काम ठेवलं.

लॉकडाऊनमधे माझं अड्याळचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र बंद होतं. घरात करण्यासारखं जे होतं ते सगळं दोनदोनदा करून झाल्यावर मी छत्री बाजूला केली. चार तारा म्हणजे सहापेक्षा कमी, एवढाच माझा विचार होता. मामाजी ओसरीवर पेटी घेऊन बसले होते. त्यांनी मला एक जागा दाखवली आणि म्हणाले, "इथं बोट ठेव आन तेवढंच वाजव. तू खालचा सूर धर, सूनबाई. वरचं मी पाहतो." दोन महिने मी तेवढंच वाजवलं. मग दुसरी जागा दाखवली. एरवी घरात ते माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलत असतील. त्यातली दोन जेवणाबद्दल असत. पेटीवर बसले की मात्र बोलत.

मंडळात बाई बेसगिटार वाजवणार म्हटल्यावर थोडी कुरबुर झाली. मामाजींनी ती ऐकली नाही. तेव्हा मला वाटलं, हा त्यांचा मोठेपणा.

डबा नवऱ्याच्या ऑर्केस्ट्राच्या काळातला. भंडाऱ्याच्या एका रेडिओ मेकॅनिकने जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह काढून, सागाच्या खोक्यात बसवून तो स्वतः बनवला होता. उचलायला दोन माणसं लागत. बटण दाबलं की लगेच वाजत नसे. आत लाल दिवे तापेपर्यंत मामाजींचा तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन व्हायचा. पण वाजला की आवाज कानात न येता पोटात यायचा. थंडीत मांजर त्याच्यावर झोपे. दिघोरीहून आल्यावर नवऱ्याने मागचं फळकूट उघडलं, आत बॅटरी मारली आणि परत लावलं.

"ट्रान्सफॉर्मर गेला," तो म्हणाला. "आन हे बनवणारा माणूसबी गेला."

मेकॅनिकच्या दुकानात आता मोबाइलचे कव्हर मिळतात.

नवऱ्याचं म्हणणं, डबा लागतोच कशाला? मंडप डेकोरेशनवाल्याचं मिक्सर असतंच, त्यात गिटारची वायर लाव, मोठ्या भोंग्यातून आवाज येईल. हे बरोबरच होतं. मामाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डबा पायजे. माह्या बाजूले पायजे."

"पण कायले?" नवरा म्हणाला.

"पायजे."

मग त्यांनी आणखी एक अट घातली. "आवाज जुना पायजे."

माझी अट वेगळी होती. डबा मला एकटीला उचलता यायला हवा, माझ्या स्कूटीच्या पायाजवळच्या जागेत बसायला हवा आणि लाइट गेली तरी वाजायला हवा. नवरा लाइनमन असल्यामुळे लाइट जाते यावर माझा इतरांपेक्षा जास्त विश्वास आहे.

शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला हे सगळं मी काँप्युटरवर शोधून देते म्हणून गावाला वाटतं की जगातली कोणतीही वस्तू मला सापडते. मे महिन्यात केंद्रावर गर्दी कमी असते. मी रोज दुपारी पंख्याखाली बसून डब्यांबद्दल वाचायची. इंग्रजीत लिहिलेलं मशीनकडून मराठी करून घ्यायची. सगळे डबे उबदार होते. एकही थंड डबा मला सापडला नाही. कोणाचा आवाज लोण्यासारखा, कोणाचा लाकडासारखा. एका माणसाने लिहिलं होतं की या डब्याचा आवाज ऐकून त्याला आजोबांचा स्वेटर आठवला. बाहेर रस्त्यावर डांबर चिकटत होतं. मला ते वाचूनच घाम आला.

पंधरा दिवसांत मला वॅट कळले, स्पीकरचे इंच कळले, बॅटरी किती तास चालते ते कळलं. आवाज जुना आहे की नाही हे मात्र वाचून कळेना. मामाजींना मोबाइलवर दोनतीन डब्यांचे व्हिडिओ दाखवले. त्यांनी नीट पाहिले. "माणूस चांगला वाजवते," म्हणाले. मोबाइलचा आवाज बंद होता हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी म्हटलं, आपण भंडाऱ्याला जाऊन वाजवूनच पाहू.

सोमवारी सकाळी आम्ही अड्याळहून एसटीने निघालो. माझं तिकीट अर्धं, मामाजींचं माफ. गिटारला तिकीट लागत नाही, पण जागा लागते. तिला मी कापडी खोळ शिवली होती. मामाजींनी ती दोन गुडघ्यांत उभी धरली. शेजारी त्यांच्या ओळखीचा एक शेतकरी बसला होता.

"जाळं होय का?" त्याने खोळीकडे पाहून विचारलं.

"हो," मामाजी म्हणाले.

"भंडाऱ्यात कायले नेता जाळं?"

"हो."

"वैनगंगेत टाकता का काय?"

"हो, हो."

मामाजी खुशीत आहेत, त्याची मजा करतात, असं समजून मी खिडकीबाहेर तोंड करून हसले.

वाद्यांचं दुकान पितळी भांड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आहे. दुकानदार चाळिशीचा, स्वतः लग्नात कीबोर्ड वाजवणारा. बेसगिटार बाई वाजवणार हे ऐकून त्याने माझ्याकडे एकदा आणि मामाजींकडे दोनदा पाहिलं. मग स्टूल दिलं.

"कसा आवाज पायजे ताई?"

"जुना. उबदार."

"व्हिंटेज," तो म्हणाला. "आता सब व्हिंटेजच चालते."

पहिला डबा त्याने एका हाताने आणून ठेवला. लहान, काळा, बिस्किटाच्या पेटीएवढा. वजनाला इतका हलका की माझं मन तिथंच बसलं. मी वायर लावली आणि मंडळात वाजवते तेच वाजवायला घेतलं. आवाज स्वच्छ होता. प्रत्येक तारेवर बोट लागल्याचं टक टक ऐकू येत होतं. मामाजी स्टुलावर, गुडघ्यांवर हात, समोरच्या भिंतीवरच्या बासऱ्या पाहत होते.

"कसा वाटते?" मी थांबून विचारलं.

"दुसरा दाखव," ते दुकानदाराला म्हणाले.

दुसऱ्या डब्यावर बारा बटणं होती. त्यातल्या एकावर दुकानदाराने बोट ठेवलं. हे दाबलं की पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज, त्याच्या शेजारचं दाबलं की साठ. मोबाइललाही जोडता येत होता. त्याने साठ दाबलं. मी वाजवायला लागले. चांगलं वाजत होतं, मलाही बरं वाटलं. एक कडवं झालं, दुसरं सुरू केलं.

मामाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "सुरू कर ना, सूनबाई. उशीर कायले करून राहिली?"

मी वाजवतच होते. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने आवाजाचं बटण उजवीकडे फिरवलं. काउंटरच्या काचा थरथरल्या. शेजारच्या दुकानातला माणूस हातात पाण्याचा पितळी गुंड घेऊन दारात आला. बाहेर दोन ऑटोवाले थांबून आत पाहायला लागले.

"हां," मामाजी म्हणाले. "आता आलं थोडं."

मी वाजवणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. बोटं चालत राहिली आणि मला दिघोरीचा मांडव आठवला. बसमधलं जाळं आठवलं. बंद आवाजाचा व्हिडिओ आठवला. तीन वर्षांत एकदाही मामाजी डब्यापासून हातभर लांब बसले नाहीत, हेही आठवलं. मी त्यांच्या घरात राहते, त्यांच्या ताटात वाढते, आणि मला हे माहीत नव्हतं.

दुकानदार शहाणा माणूस. त्याने बटण खाली आणलं आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तिसरा डबा होता, लाकडी, पुढे जाडं तपकिरी कापड, वर धरायला चामड्याचा पट्टा. बटणं चारच. "हा कोनी घेत नाही," तो म्हणाला. "पोरांना टक टक पायजे असते. याच्यात वरचा आवाजच कमी आहे." त्याने डबा मामाजींच्या पायाला लागूनच ठेवला, न सांगता.

मी एकच सूर वाजवला, सगळ्यात खालचा. मामाजींनी भिंतीवरची नजर काढली. वाकून डब्याच्या लाकडावर तळहात ठेवला, जाळ्यात काही आलं का ते दोरीवरून पाहतात तसा. मी दुसरा सूर वाजवला, तिसरा वाजवला. त्यांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. ते दुकानात गातील असं मला वाटलं नव्हतं. दुकानदाराने हळूच कीबोर्डवर सूर लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. केसभरही फरक नव्हता. गुंडवाला माणूस कडवं संपेपर्यंत दारात उभा राहिला.

"हा आपला," मामाजी म्हणाले.

वजन साडेनऊ किलो. बॅटरी सहा तास. मी उचलून दुकानात चार पावलं चालून पाहिलं. पहिल्या डब्याइतका हलका नव्हता, पण उचलला जात होता. घासाघीस झाली, ती सगळीकडे होते तशीच. दुकानदाराने एक वायर वरून दिली.

बसला अवकाश होता म्हणून आम्ही स्टँडजवळ चहाला बसलो. डबा खुर्चीवर, गिटार भिंतीला. मी त्यांच्या तोंडासमोर वाकून विचारलं, "मामाजी, ऐकू येत नाही का तुम्हाले?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "येते," म्हणाले. "सगळं नाही येत. खालचं येते. ढोलक येते, ट्रॅक्टर येते. तू वाजवते ते येते."

"आन पेटी?"

"पेटी बोटानं समजते. वरचे सूर नाही येत. बायांचं बोलनं नाही येत. तुहं थोडं येते, तू हळू बोलतच नाही."

"केव्हापासून?"

"झाले सात-आठ वर्षं."

"सांगितलं काहून नाही?"

ते चहा पिऊन झाल्यावर बोलले. "सांगितलं का लोक ओरडून बोलतात. कोनी ओरडून बोललं का मानूस येडा वाटते. आन मंडळात मले मागं बसवतील. बुढा झाला, टाळ द्या त्याले." त्यांनी बशी खाली ठेवली. "आधी अंदाजानं गात होतो. चुकत होतो, पन थोडा थोडा, कोनाले समजे ना. मग तू ते खालचं वाजवाले लागली. मले बरं झालं. तू सूर धरते, मी तुह्या मागं जातो."

मी बिस्कीट चहात बुडवून बसले. तीन वर्षं मी एकच काम करत होते, मामाजींच्या तोंडाकडे पाहायचं आणि त्यांच्या मागे जायचं. ते सूर चुकणार नाहीत या भरवशावर माझी बोटं पडत होती. आणि ते माझ्या मागे येत होते. म्हणजे आमच्या मंडळात तीन वर्षं पुढे कोणीच नव्हतं. आणि आसपासच्या गावांत आमचं नाव होतं.

बिस्कीट चहात पडलं.

"घरी नको सांगू," ते म्हणाले.

"सांगीन," मी म्हटलं. तोंड समोर होतं, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी वाद घातला नाही. बस लागली तेव्हा गिटार त्यांनी घेतली आणि डबा मी.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगितलं. नवरा खांबावरून उतरून आला होता, अंगावरचा पट्टाही सोडला नव्हता. तो नवा डबा उगाच फिरवून फिरवून पाहू लागला. सासूबाई मात्र चिडल्या.

"म्हंजे खरंच ऐकू येत नाही का त्याले?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं मुद्दाम करून राहिला. आठ वर्षं झाली, मी त्याच्यावर रागावून आहो."

मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांडी लावत बसल्या. भांडी आधीच लावलेली होती. रात्रीच्या जेवणात त्यांनी मामाजींच्या ताटात माशाचं डोकं वाढलं, जे एरवी त्या स्वतः खातात.

कानाच्या डॉक्टरकडे जायला मामाजी तयार नव्हते. नवरा समजावून थकला. शेवटी सासूबाईंनी त्यांच्यासमोर उभं राहून, अजिबात न ओरडता, फक्त ओठ हलवून दोन-तीन वाक्यं म्हटली. काय म्हटलं ते आम्हाला कळलं नाही. मामाजी दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार होते.

तपासणीचा कागद मी पाहिला. कागद वाचणं हे माझं रोजचं काम. डावीकडे खालचे आवाज, तिथं रेघ जवळजवळ सरळ, तरुण माणसाची असावी तशी. उजवीकडे वरचे आवाज, तिथं रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. डॉक्टर म्हणाल्या, वयाने होतं, पण इतकी वर्षं यांनी चालवलं कसं? मी म्हटलं, आमच्याकडे एक डबा होता. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

कानाची मशीन आली. बसवली त्या दिवशी मामाजी ओसरीवर बसून घरातलं ऐकत होते. तासाभराने त्यांनी मला बोलावलं. "एवढी बोलते का ही?" आतल्या दिशेने मान करून त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते विचारात पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी काढली आणि दहा मिनिटांत बंद केली. वरच्या दोन पट्ट्या बेसूर होत्या. किती वर्षांपासून कोण जाणे. मंडळातल्या कोणी कधी सांगितलं नव्हतं, कारण पेटीवर मामाजी होते आणि मामाजींचं चुकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पेटी भंडाऱ्याला जाऊन नीट होऊन आली. मग त्यांनी ढोलकवाल्या काकांना बोलावून ढोलकाची वादी आवळायला लावली. काका जाताना मला म्हणाले, "ह्याइले मशीन कोनं देल्ली?"

मलाही वाटा मिळाला. सरावाला बसलो तेव्हा मामाजींनी कानातली मशीन चाचपली, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कमी कर." मी बटण डावीकडे फिरवलं. "आनखी कमी." शेवटी डबा इतका हळू वाजायला लागला की मलाच वाकून ऐकावं लागलं. आता मधे मधे वर पाहिलं की मामाजी मला पाहताना दिसत. ते तोंडाकडे पाहत नव्हते, बोटांकडे पाहत होते.

नव्या डब्यावर पहिलं भजन अड्याळला झालं, बाजाराच्या दिवशी, चार वाजता. डबा मी स्कूटीवर, पायांच्या मधे ठेवून नेला. मामाजी मागच्या सीटवर, पाठीला गिटार. गर्दी बरी होती. निम्मे लोक भाजीच्या पिशव्या घेऊन उभेच होते. दिघोरीची बातमी इथवर आलेली असणार, कारण पहिल्या आलापाला सगळे फार लक्ष देऊन ऐकत होते. मामाजी गायले. मी आता त्यांच्या मागे जायचं की त्यांनी माझ्या, हे आमचं ठरलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या कडव्यात आम्ही दोघंही थोडे थांबून थांबून चाललो. दुसऱ्यापासून ते पुढे गेले. वरचे सूर त्यांनी असे लावले की ढोलकवाले काका ताल सोडून क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिले.

माझ्याकडून त्या दिवशी तीन चुका झाल्या.

परत येताना रस्त्यात मामाजींनी स्कूटी थांबवायला सांगितली. मला वाटलं, पाणी हवं असेल. ते खाली उतरले, गिटार नीट केली आणि पहिली चूक सांगितली. तिसऱ्या भजनात, धृपदाला वळताना. दुसरी गावाच्या फाट्यावर सांगितली. मी दोन्ही कबूल केल्या. घर आलं. त्यांनी स्वतः डबा उचलून ओसरीवर ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. तिसरी त्यांच्या लक्षात आलेली नव्हती. मीही सांगितली नाही.